सासू, सून, दीर, जाऊ : इंडो-युरोपीय भाषाकुलाची ओळख

प्रस्तावना

मराठी घरात लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यातच लागणारे चार शब्द आहेत : सासू, सून, दीर, जाऊ. चौघांचीही मुळे निदान पाच हजार वर्षे मागे जातात. सून म्हणजे संस्कृतातली स्नुषा. तीच रशियनमध्ये स्नोखा, लॅटिनमध्ये नुरुस, ग्रीकमध्ये न्युओस आणि आर्मेनियनमध्ये नू. सासू म्हणजे श्वश्रू. लॅटिनमध्ये सोक्रुस, रशियनमध्ये स्वेक्रोव्ह. दीर म्हणजे देवृ किंवा देवर. लिथुआनियनमध्ये दिएवेरिस, रशियनमध्ये देवेर. जाऊ हा शब्द तर अधिकच नवलाचा. दोन भावांच्या बायकांचे एकमेकींशी असलेले नाते सांगायला आजच्या इंग्रजीत स्वतंत्र शब्द उरलेला नाही. पण संस्कृतात यातृ आहे, होमरच्या ग्रीकमध्ये एइनातेरेस आहे, लॅटिनमध्ये यानित्रिकेस आहे, बल्गेरियात आजही एतर्वा आहे, आणि आपल्याकडे जाऊ आहे.

बेर्टोल्ड डेलब्रुक या जर्मन पंडिताने १८८९ साली या नात्यांच्या शब्दांवर एक ग्रंथच लिहिला. नवऱ्याकडच्या माणसांना सून कोणत्या नावांनी ओळखत होती, ते शब्द या सगळ्या भाषांमधून एकमेकांशी जुळतात. बायकोच्या माहेरच्या माणसांना जावई काय म्हणत होता, त्याचे तसे जुळणारे शब्द मात्र हाती लागत नाहीत. त्यावरून डेलब्रुकने अनुमान काढले, की या भाषांची मूळ भाषा बोलणाऱ्या समाजात मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या घरी नांदायला जात असली पाहिजे. या समाजाने एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. तरी त्याच्या घरातली व्यवस्था केवळ शब्दांच्या तुलनेतून उलगडू लागली.

आता त्याच मराठी घरात दुसरीकडे कान द्या. थोरल्या बहिणीला अक्का, थोरल्या भावाला अण्णा, वडीलधाऱ्याला आप्पा म्हणतात. हे शब्द कन्नड-तेलुगूच्या, म्हणजे द्राविडी भाषांच्या घरचे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील आप्तसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरचा प्रदेश मानले. उत्तरेत निषिद्ध असलेला मामेबहिणीशी विवाह इथल्या कितीतरी जातींत रूढ आहे, हे त्यांनी दाखवून दिले. शब्द एका कुळाचे, नाते जोडण्याची रीत दुसऱ्या कुळाची, आणि दोन्ही एकाच माजघरात. मराठीला इंडो-युरोपीय भाषा म्हणताना आपण नेमके काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. हे पुस्तक त्या प्रश्नासाठी आहे.

आधी विस्तार पाहू. जगातली जवळपास निम्मी माणसे आज कोणती ना कोणती इंडो-युरोपीय भाषा मातृभाषा म्हणून बोलतात. जिवंत भाषा चारशेहून अधिक आहेत. मराठी, कोंकणी, हिंदी, बंगाली, नेपाळी, सिंहली आणि मालदीवची दिवेही या एका गटात येतात. फारसी, पश्तो, कुर्दी आणि बलुची त्यांच्या सख्ख्या शेजारच्या गटात. ग्रीक, आर्मेनियन आणि अल्बेनियन या तिन्ही आपापल्या शाखेतल्या आज एकेकट्या राहिलेल्या भाषा. लॅटिन आणि तिच्या लेकी इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन. जर्मानिक शाखेत इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश. केल्टिक शाखेत आयरिश आणि वेल्श. कधीकाळी मध्य युरोपपासून आजच्या तुर्कस्तानापर्यंत पसरलेली ही शाखा आता अटलांटिकच्या कडेला उरली आहे. रशियन, पोलिश, सर्बियन या स्लाव्हिक भाषा आणि त्यांच्या जवळच्या लिथुआनियन व लात्वियन. दोन शाखा पूर्ण लोपल्या : अनातोलियातली हित्तींची आणि चीनच्या वाळवंटातली तोखारी. त्यांच्याकडे पुढे यायचेच आहे.

इतक्या दूरदूरच्या भाषा एका कुळातल्या आहेत हे कळायला युरोपीय विद्वानांना भारतात यावे लागले, आणि त्यातली अगदी सुरुवातीची नोंद गोव्यात झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात उतरला. पुढे त्याने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले गेले. कोंकणीचे व्याकरणही त्याने लिहिले. १५८३ मध्ये आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात त्याने कळवले, की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोची आणि गोव्यात राहत होता. संस्कृतातले सप्त, अष्ट, नव हे आकडे आणि देव, सर्प हे शब्द आपल्या इटालियनसारखे आहेत, हे त्याने मायदेशी लिहिले. दोघांचीही निरीक्षणे पत्रांत राहिली, शास्त्र झाली नाहीत. पण ख्रिस्तपुराणाची मराठी लिहिणाऱ्या माणसाला हे साम्य त्या काळी जाणवावे, याचे मला फार मोल वाटते. पुस्तकातून शिकलेल्या संस्कृतावरून नव्हे, गोव्यातल्या माणसांच्या बोलण्यावरून त्याला ते दिसले होते.

पुढे १७६७ मध्ये दक्षिण भारतातल्या केर्दू या फ्रेंच जेझुइटाने संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक यांच्यातल्या साम्यांचे टिपण पॅरिसला पाठवले. ते छापले गेले चाळीस वर्षांनी. तोवर कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांचे २ फेब्रुवारी १७८६ चे व्याख्यान होऊन गेले होते. एशियाटिक सोसायटीपुढच्या त्या व्याख्यानात जोन्स म्हणाले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतके साम्य आहे, की ते योगायोगाने आलेले नाही. या तिन्ही एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वातच नसेल. या शेवटच्या शब्दांत सारे शास्त्र आहे. संस्कृत ही ग्रीकची आई नव्हे आणि ग्रीक ही संस्कृतची मावशी नव्हे. दोघी बहिणी, आणि आई आपल्याला कधीच भेटलेली नाही.

इथे वाचकाने एक गोष्ट पक्की धरून ठेवावी, कारण वर्तमानपत्री लेखांतून आणि समाजमाध्यमांवर नेमकी तीच सुटते. दोन शब्द सारखे दिसले म्हणून त्यांचे नाते ठरत नाही. फारसी बद, जो आपण बदनाम आणि बदमाश या शब्दांत वापरतो, आणि इंग्रजी बॅड यांचा उच्चार सारखा, अर्थही सारखा. संबंध मात्र काडीचा नाही. लॅटिनमधला देव म्हणजे देउस आणि ग्रीकमधला देव म्हणजे थेओस हेही परस्परांचे कोणी नव्हेत. उलट आर्मेनियन एर्कू म्हणजे दोन, आणि हा एर्कू आपल्या द्वि चा सख्खा भाऊ आहे, जरी दोघांत एकही ध्वनी समान दिसत नाही. कारण मूळच्या द्व च्या जागी आर्मेनियनमध्ये र्क येतो आणि तो इतरही शब्दांत येतो. नाते ठरते ते नियमाने होणाऱ्या फरकावरून. एका भाषेतला एक ध्वनी दुसऱ्या भाषेत जिथे जिथे वेगळा दिसतो, तिथे तिथे तो तसाच वेगळा दिसला पाहिजे.

याचा पडताळा मराठी वाचक घरबसल्या घेऊ शकतो. संस्कृत स च्या जागी इराणी भाषांत ह येतो : सप्त आणि हफ्त, सिंधु आणि हिंदु. म्हणून ज्ञानेश्वरीचे पारायण बसते त्याला आपण सप्ताह म्हणतो आणि कर्जाचे पैसे भरतो त्याला हप्ता. दोन्हींत सात दिवसांचा तोच आकडा आहे, एक संस्कृतातून आलेला, दुसरा फारसीतून. हस्ताक्षर आणि दस्तऐवज यांतले हस्त आणि दस्त हेही मुळात एकच. पाय हा शब्द प्राकृतातून वारसाहक्काने आला, पायजमा फारसीतून, पेडल लॅटिनकडून इंग्रजीमार्गे आणि फुटबॉलमधला फुट जर्मानिक शाखेतून. चौघांचे मूळ एक. मराठीच्या तोंडी या कुळाच्या चार शाखा दररोज एकमेकींना भेटतात. आपल्याकडच्या शाळांतून व्युत्पत्ती शिकवताना याचा उपयोग का करत नाहीत, हे मला समजलेले नाही.

एकोणिसावे शतक हे या शास्त्राच्या बांधणीचे शतक. १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप यांनी क्रियापदांच्या प्रत्ययांची तुलना केली. शब्द उसने घेता येतात, पण अस्मि-अस्ति अशी रूपे चालवण्याची पद्धत सहसा कोणी उसनी घेत नाही. संस्कृत अस्ति, ग्रीक एस्ति, लॅटिन एस्त, लिथुआनियन एस्ति, जर्मन इस्ट : एवढ्यावर बॉप थांबले नाहीत, त्यांनी सबंध व्याकरणे शेजारी शेजारी मांडली. डेन्मार्कचे रास्मुस रास्क आणि जर्मनीचे याकोब ग्रिम, परीकथांच्या संग्रहामुळे घराघरात पोचलेले तेच ग्रिम, यांनी जर्मानिक भाषांतले व्यंजनांचे स्थलांतर नियमात बसवले. मूळचा प तिथे फ होतो, त चा थ, द चा त : पाद आणि फुट, त्रि आणि थ्री, दश आणि टेन.

या नियमाला अपवाद होते आणि त्यांनी पन्नास वर्षे विद्वानांना छळले. पितृ आणि भ्रातृ, दोन्हींत एकच त. मग जुन्या जर्मानिक भाषांत वडिलांच्या शब्दात एक व्यंजन आणि भावाच्या शब्दात दुसरे का? आजच्या जर्मनमध्येही फाटर आणि ब्रुडर. उत्तर कार्ल व्हेर्नर या डॅनिश तरुणाला १८७० च्या दशकात सापडले, आणि ते वेदांच्या स्वरांत होते. वैदिक उच्चारात पितृ शब्दातला आघात दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि भ्रातृ मधला पहिल्यावर. हा आघात जर्मानिक भाषांतून केव्हाच नाहीसा झाला होता, पण नाहीसा होण्यापूर्वी त्याने शेजारच्या व्यंजनाचा उच्चार बदलून ठेवला होता. उदात्त-अनुदात्त जपून संहिता म्हणणाऱ्या वेदपाठकांच्या पिढ्यांना आपण काय सांभाळतो आहोत याचा हा उपयोग कधी माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या पाठांतरावाचून जर्मन भाषेचे हे कोडे सुटले नसते. या क्षेत्रातला माझा सर्वांत आवडता शोध हाच.

त्याच दशकात संस्कृतविषयीचा एक मोठा समजही ढळला. संस्कृतातला च, 'आणि' या अर्थाचा, लॅटिनमध्ये क्वे आहे आणि ग्रीकमध्ये ते. मूळ कंठ्य व्यंजनाचा संस्कृतात च का झाला? कारण त्याच्यापुढे मुळात ए सारखा स्वर होता. संस्कृतात तो स्वर नंतर अ मध्ये मिसळून गेला, पण जाण्यापूर्वी क चा च करून गेला. म्हणजे स्वरांच्या बाबतीत ग्रीक ही संस्कृतपेक्षा मुळाशी अधिक प्रामाणिक. लाइपझिगच्या तरुण अभ्यासकांनी, ज्यांना नव-वैयाकरण म्हणतात, यातूनच आग्रह धरला, की ध्वनिनियमांना अपवाद नसतात. अपवाद दिसला तर अजून एक नियम शोधायचा राहिला आहे. दुसरीकडे ऑगस्ट श्लायखर यांचा वंशवृक्ष आणि योहानेस श्मिट यांचा १८७२ मधला लहरींचा सिद्धान्त यांत वाद लागला. झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की परत जुळत नाहीत. भाषा मात्र शेजारी राहिल्या की एकमेकींचे गुण घेत राहतात. भारतात राहणाऱ्या माणसाला श्मिट यांचे म्हणणे पटवून द्यावे लागत नाही.

मग फर्दिनां द सोस्यूर आले. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८७८ च्या अखेरीस, त्यांनी केवळ स्वरांच्या अदलाबदलीच्या हिशेबावरून मांडले, की मूळ भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे आज कोणत्याच ज्ञात भाषेत उरलेले नाहीत. बहुतेकांनी हे गणिती कल्पनाविलास म्हणून सोडून दिले. १९०६ पासून तुर्कस्तानात बोगाझकोय इथे मातीच्या हजारो विटांवर कोरलेला एका विस्मृत साम्राज्याचा दप्तरखाना निघू लागला. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी यांनी ती भाषा लावली. भाकरीच्या चिन्हाशेजारी त्यांना वादार असा शब्द दिसला. तो पाण्याचा होता, संस्कृत उदन् आणि इंग्रजी वॉटर यांचा भाऊ. ही हित्ती भाषा, या कुळातली सर्वांत आधी लिहिली गेलेली. आणि संस्कृतात जिथे अस्थि, ग्रीकमध्ये ओस्तेओन, तिथे हित्तीत हस्ताइ होते. सुरुवातीचा तो घशातला ह म्हणजेच सोस्यूर यांनी कागदावर मांडलेल्या हरवलेल्या ध्वनींपैकी एक आहे, हे १९२७ मध्ये येझी कुरिलोविच यांनी दाखवले. सोस्यूर तोवर वारले होते.

बोगाझकोयच्या त्याच दप्तरात इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातला हित्ती आणि मितानी राजांमधला तह सापडला आणि त्यात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे देव होते. किक्कुली नावाच्या मितानी अश्वशिक्षकाच्या ग्रंथात घोड्यांच्या फेऱ्यांसाठी ऐक, तेर, पंज, सत्त, न असे आकडे आहेत. इतक्या पश्चिमेला, इतक्या आधी, ही भारतीय छापाची बोली. दुसऱ्या टोकाला, तारीम खोऱ्यातल्या वाळूतून ब्राह्मी लिपीतली बौद्ध हस्तलिखिते निघाली आणि १९०८ मध्ये झीग आणि झीगलिंग यांनी ती वाचली : वडील पाचेर, आई माचेर, भाऊ प्रोचेर. ही तोखारी. शंभराला ती कन्ते म्हणते, लॅटिन केंतुमसारखे, शेजारच्या इराणी सत सारखे नव्हे. पूर्वेच्या भाषा शतम् म्हणणाऱ्या आणि पश्चिमेच्या केंतुम म्हणणाऱ्या, हा सुबक नकाशा तिने मोडला.

मूळ भाषा कुठे बोलली जात होती? हा प्रश्न लोकांना सर्वांत आधी सुचतो. या पुस्तकात त्याला मुद्दाम उशिरा हात घातला आहे. शब्दांचा पुरावा असा : चाक, जू, रथ यांची मुळे बहुतेक शाखांत आहेत. चाक म्हणजे चक्र, ग्रीक क्युक्लोस, इंग्रजी व्हील; जू म्हणजे युग, लॅटिन युगुम, इंग्रजी योक. चाकाची गाडी इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास आली, तेव्हा या शाखांची फाटाफूट त्याआधी फारशी झालेली नसावी. मारिया गिंबुटास यांनी १९५६ पासून काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे गवताळ प्रदेश हे मूलस्थान मानले. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९८७ मध्ये त्याला आव्हान देऊन अनातोलियातल्या पहिल्या शेतकऱ्यांबरोबर ही भाषा पसरली असे मांडले. गाम्क्रेलिद्झे आणि इवानोव्ह यांनी कॉकेशसच्या दक्षिणेकडे बोट दाखवले. २०१५ पासून प्राचीन डीएनएने गवताळ प्रदेशातून युरोपकडे झालेल्या मोठ्या स्थलांतराला पाठबळ दिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतीय उपखंडात तो अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान आल्याचे दाखवले. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने राखीगढीच्या एका स्त्रीचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला, त्यात तो अंश नव्हता. एकाच शोधनिबंधाचे अर्थ मग परस्परविरोधी लावले गेले. हित्ती शाखा बाकीच्यांपासून फार आधी फुटली, हे आता बहुतेकांना मान्य आहे. तिचे आणि गवताळ प्रदेशातल्या लोकांचे समान पूर्वज कॉकेशस आणि खालच्या व्होल्गाच्या दरम्यान होते, असे २०२५ मधले संशोधन सांगते. माझे मत गवताळ प्रदेशाच्या बाजूने झुकते आणि त्याची कारणे मी आत दिली आहेत. पण हाड बोलत नाही. सांगाड्यातून वंश समजतो, त्या माणसाच्या तोंडची भाषा समजत नाही.

हा भेद न पाळल्याची किंमत जगाने मोजली. भाषेच्या नावावरून आर्य वंश बनवला गेला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याच्या नावाने युरोपात लाखो ज्यू आणि रोमा मारले गेले. रोमांची भाषा रोमानी ही तर हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेलेली. पाणी तिथे पानि, नाक नाख, कान कान. आकडे येख, दुइ, त्रिन, श्तार, पांज. पुढे सात, आठ, नऊ मात्र वाटेत ग्रीकांकडून घेतलेले एफ्ता, ओख्तो, एन्या. ज्यांची भाषा भारतीय आर्यभाषांतली, त्यांनाच आर्यवंशाच्या नावाने संपवण्यात आले.

महाराष्ट्रात हा विषय कधीच केवळ ग्रंथालयाचा नव्हता. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या गुलामगिरीत इराणातून आलेल्या आर्यभटांची कथा उलटी करून शूद्रातिशूद्रांच्या बाजूने सांगितली आणि बळीराजाला तिच्या मध्यभागी ठेवले. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये वेदांतील ज्योतिषाच्या आधारे आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ नेले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्र कोण होते याचा शोध घेताना वेदांतला पुरावा तपासून आर्य वंशाची आणि आक्रमणाची उपपत्तीच नाकारली. तिघांचे प्रश्न वेगळे होते आणि तिघांनाही आजचा पुरावा उपलब्ध नव्हता. टिळकांचे मूलस्थान आज कोणी मानत नाही. फुल्यांची वर्चस्वाची मीमांसा मात्र आर्य कुठून आले या उत्तरावर अवलंबून नाही. भाषा आणि वंश यांची गल्लत होऊ नये, हा आंबेडकरांचा आग्रह तर आजही प्रत्येक अभ्यासकाने उशाशी ठेवावा असा आहे.

मराठीचा शास्त्रीय अभ्यासही जुना. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेली विल्सन व्याख्याने, राजवाड्यांचे ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावरचे काम, आणि ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ, ज्याचे वा. गो. परांजपे यांनी मराठीत भाषांतर केले. अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर, मराठी संस्कृतपेक्षा जुनी की नवी हा वाद पुन्हा तापला. तौलनिक भाषाशास्त्राला हा प्रश्नच नीट मांडलेला वाटत नाही. प्राकृते म्हणजे बिघडलेले संस्कृत नव्हे. आपण झरा, झरणे म्हणतो, त्याचे संस्कृत रूप क्षर्. मुळात हा ध्वनी घोष होता, अवेस्तात तो घोषच आहे. संस्कृतात त्याचा क्ष झाला आणि प्राकृत-मराठीत झ राहिला. म्हणजे या एका शब्दापुरती मराठी पाणिनीच्या भाषेपेक्षा जुनी खूण बाळगून आहे. म्हणून मराठी संस्कृतची आई ठरत नाही. एवढेच ठरते, की वेदकाळीही बोली अनेक होत्या आणि आपल्या बोलीची वाट त्यांतल्या दुसऱ्या एखादीतून आली.

कुळाइतकाच शेजार महत्त्वाचा, आणि या बाबतीत महाराष्ट्राने जगाला उदाहरण पुरवले आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये एका ग्रंथात प्रसिद्ध झाला. मराठी, कन्नड आणि उर्दू तिथे शतकानुशतके शेजारी नांदल्या, आणि शब्द वेगळे राहिले तरी वाक्याची बांधणी इतकी एकसारखी झाली, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या घडणीतच द्राविडी भाषकांचा मोठा वाटा असावा असे मांडले. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे आपण आणि त्याला वगळणारे आम्ही, हा मराठीचा भेद त्याच दिशेने बोट दाखवतो. कुळ एक असले म्हणून जिव्हाळा असतोच असेही नाही : १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडावी असे फर्मान काढले. पोर्तुगीज आणि कोंकणी दोन्ही याच कुळातल्या. या कुळाच्या विस्ताराचा इतिहास हा इतर भाषा पुसल्या जाण्याचाही इतिहास आहे. अमेरिका खंडात तो उघड दिसतो. आपल्याकडे मेळघाटात कोरकू आहे, तिचे नाते संथाळीशी. विदर्भात गोंडी आणि कोलामी आहेत. बुलढाणा जिल्ह्यात निहाली आहे, जिचे जगातल्या कोणत्याच भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही आणि जिचे भाषक आता काही हजारांवर आले आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक होते. निहाली टिकते की नाही हे त्यांच्या शाळा, बाजार आणि कचेऱ्या कशा चालतात यावर ठरणार आहे. म्हणून इंडो-युरोपीय भाषांवरच्या या पुस्तकात निहालीलाही जागा दिली आहे.

पुस्तकाचा हेतू त्यामुळे मर्यादित पण ठाम आहे. संस्कृत न शिकलेल्या मराठी वाचकाला तुलनेची पद्धत स्वतः वापरता यावी, एखादी चमकदार व्युत्पत्ती कानावर आली तर ती कशी तपासायची हे त्याला समजावे. त्यासाठी जिथे शक्य तिथे उदाहरण मराठीतूनच घेतले, पुस्तकी शब्दांपेक्षा घरातले, शेतातले शब्द आधी घेतले. प्रत्येक शाखेबरोबर तिची माणसेही आली पाहिजेत असा प्रयत्न केला. लिथुआनियन शेतकऱ्याच्या तोंडी सूनुस म्हणजे मुलगा आणि उग्निस म्हणजे आग हे शब्द इतके कसे टिकले, हे त्यांच्या इतिहासावाचून सांगता येत नाही. समान पुराणकथा आणि काव्यातले समान संकेत यांच्यावर मी कमी लिहिले आहे. द्यौष्पितर् आणि जुपिटर एकच हे निश्चित. ऋग्वेदात आणि इलियडमध्ये न झिजणाऱ्या कीर्तीचा उल्लेख एकाच घडणीच्या शब्दांत येतो हेही निश्चित. त्यापुढच्या समाजरचनेविषयीच्या भव्य उपपत्ती, विशेषतः झॉर्झ द्युमेझील यांची तीन वर्गांची मांडणी, मला पुराव्यापेक्षा मोठ्या वाटतात.

लेखनाविषयी थोडे. परकीय शब्द देवनागरीतच दिले आहेत. त्यामुळे काही उच्चार ढोबळ झाले, पण लिपीची अडचण वाचकाच्या वाटेत येऊ नये हे अधिक महत्त्वाचे वाटले. शब्दापुढे तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, तुलनेवरून काढलेले आहे असे समजावे. ही पद्धत श्लायखर यांनी रूढ केली. त्यांनी १८६८ मध्ये या मूळ भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक छोटी गोष्ट रचून छापली होती, आणि नंतरच्या अभ्यासकांनी नव्या पुराव्यानुसार ती पुन्हा पुन्हा लिहिली. तिची वेगवेगळ्या काळातली रूपे शेजारी शेजारी परिशिष्टात दिली आहेत. पद्धत समजून घेण्यासाठी ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी ती आधी वाचावीत आणि मग ध्वनिनियमांकडे वळावे.